जुना लॅपटॉप : घ्यावा कीं न घ्यावा ?

माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत किंवा उदगीर तालुक्यांतील हाळी-हंडरगुळीच्या बाजारांत बैल घ्यावयास गेलेला शेतकरी प्रथम त्याच्या कातडीची तकाकी पाहत नाहीं. बैल लाल कंधारी असो वा देवणी, तो जनावराचें तोंड उघडून दांत पाहतो. दांत दुधाचे आहेत, दोन आले आहेत, चार आले आहेत कीं जबडा पुरता जुळला आहे, यावरून तो वय ठरवितो. आणि हा बैल अजून किती हंगाम औत ओढील याचा अदमास बांधून मगच किंमत बोलतो. साळलेलीं शिंगें आणि त्यांवर चढविलेला रंग त्याला फसवूं शकत नाहींत. हाच शेतकरी मुलीसाठीं जुना लॅपटॉप घ्यावयास नांदेडच्या किंवा लातूरच्या दुकानांत शिरतो, तेव्हां मात्र झांकणाची चकाकी पाहून भुलतो. या यंत्राचे दांत कोठें असतात, हें त्याला कोणीं सांगितलेलेंच नसतें.

या खरेदीची गरज खोटी नाहीं. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेंत नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली असे चार जिल्हे येतात. शिवाय वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं दूरदूरचीं मुलें लातुरांत खोली घेऊन राहतात. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, सराव परीक्षा हें सारें आतां संगणकाच्या द्वारें चालतें. नव्या यंत्राची किंमत पुष्कळ घरांना पेलवत नाहीं. मग सोयाबीनच्या पट्टींतून उरलेल्या पैशांत जुनें यंत्र घेण्याचा विचार होतो. हा विचार वावगा नव्हे. परंतु तो डोळसपणें व्हावा.

लॅपटॉपचे दोन भाग मानावे. एक हातास लागणारा : पडदा, कळा, घट, स्मृति. दुसरा अदृश्य : यंत्राचा सर्व कारभार चालविणारी कार्यप्रणाली, जिला बाजारांत ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. वाड्याला जसा राखणदार, तशी ही प्रणाली. तिच्या भिंतींत नवीं नवीं भगदाडें सांपडत असतात, आणि तयार करणारी कंपनी दर महिन्यास तीं बुजविण्याचे लेप मोफत पाठविते. कांहीं वर्षांनीं कंपनी हें काम थांबविते. विंडोज ७ या प्रणालीचे लेप १४ जानेवारी २०२० रोजीं थांबले, विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ रोजीं. आणि २०१५ सालीं निघालेल्या विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. घरगुती ग्राहकांसाठीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची वाढीव मुदत कंपनीनें जाहीर केली. परंतु तिच्यासाठीं वेगळी नोंदणी करावी लागे.

त्या तारखेनंतर यंत्र बंद पडतें, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. यंत्र पूर्वीप्रमाणेंच चालतें, आणि फसगत होते ती येथेंच. राखणदार निघून गेला तरी वाडा तसाच उभा दिसतो. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें जगांतील दीडशें देशांच्या आसपास यंत्रें कुलुपबंद केलीं. इंग्लंडांतील रुग्णालयांचें कामही विस्कळित झालें. त्या भगदाडाचा लेप दोन महिने आधीं, मार्च २०१७ मध्येंच, निघाला होता. ज्यांनीं तो लावला नव्हता, आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीसाठीं तो त्या वेळीं निघालाच नव्हता, तीं यंत्रें उघडीं राहिलीं. विद्यार्थिनीच्या यंत्रांत चोरण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. तिचा आधार क्रमांक आहे, बँकेचा परवलीचा शब्द आहे, आणि शिष्यवृत्ति ज्या खात्यांत जमा व्हावयाची तें खातें आहे.

तेव्हां दुकानांत पहिला प्रश्न किंमतीचा नसावा; हें यंत्र आजची प्रणाली पेलूं शकेल काय, हा असावा. ऑक्टोबर २०२१ मध्यें निघालेल्या विंडोज ११ साठीं किमान ४ जीबी स्मृति, ६४ जीबी सांठवण आणि टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते. शिवाय प्रोसेसर पुरेसा नवा लागतो. इंटेलचा असल्यास, थोडे अपवाद सोडतां, तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा. हेच यंत्राचे दांत. ते सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर दिसतात. आय-५ या नांवापुढें ६३०० असा आंकडा असेल, तर यंत्र सहाव्या पिढीचें. ८२५० असेल, तर आठव्या. आंकडा १ नें सुरू होणारा, म्हणजे १०२१० सारखा, असेल तर पहिले दोन अंक पिढी दर्शवितात. इतर बनावटीच्या प्रोसेसरसाठीं मायक्रोसॉफ्टचें ‘पीसी हेल्थ चेक’ हें मोफत साधन उत्तर देतें.

येथें एका लबाडीपासून सावध राहावें. न पेलणाऱ्या जुन्या यंत्रावरही आडवाटेनें विंडोज ११ चढवितां येतें, आणि तें दाखवून ‘नवी प्रणाली आहे’ असें सांगतां येतें. अशा यंत्रास पुढील लेप मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाहीं. हा शिंगांवरचा रंग होय; म्हणून प्रणालीचें नांव न पाहतां प्रोसेसरची पिढी पाहावी.

हिशेबही वर्षांवर मांडावा. समजा, एक यंत्र बारा हजारांस मिळतें, पण त्याच्या प्रणालीचें आयुष्य एकच वर्ष उरलें आहे. दुसरें वीस हजारांचें, पण तें चार वर्षें निर्धास्त चालेल. पहिल्याचा वर्षाचा खर्च बारा हजार, दुसऱ्याचा पांच. स्वस्त कोणतें, हें निराळें सांगावयास नको.

मग सहाव्या-सातव्या पिढीचें यंत्र टाकाऊच काय ? तसें नाहीं. त्यावर लिनक्स घराण्यांतील एखादी मोफत प्रणाली बसवितां येते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पांच वर्षें लेप मिळतात. सी-डॅक या सरकारी संस्थेनेंही ‘बॉस’ नांवाची अशी प्रणाली तयार केली आहे. मराठी टंकलेखन, निबंध, व्याख्यानें, ऑनलाइन अर्ज यांस ती पुरते. परंतु लातूरच्या आडतींत हिशेब लिहिण्यासाठीं टॅली चालवावयाची असेल, तर तें साधन विंडोजसाठींच आहे. म्हणून काम आधीं ठरवावें, यंत्र मागाहून. आणि असें यंत्र घेतांना किंमतही जुन्याचीच द्यावी.

बाकीची पारख थोडक्यांत. विजेची तार काढून यंत्र अर्धा तास चालवून पाहावें. घट किती उरला आहे तें कळतें. ‘ॲक्टिव्हेशन’ या पानावर परवाना खरा आहे कीं नाहीं तें पाहावें. आधींच्या मालकाचें खातें व कुलूप समोरच काढून घ्यावें. अनुक्रमांक लिहिलेली पावती अवश्य मागावी. कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालीं अपराध आहे, आणि सचोटीनें घेणाऱ्यास पावतीचाच आधार असतो.

दुकानदार या प्रश्नांनीं रागावला, तर उत्तर मिळालें असें समजून पुढच्या दुकानाची पायरी चढावी. बैलाचे दांत पाहूं न देणाऱ्याशीं सौदा करीत नाहींत, हें मराठवाड्यांतील शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. घामाचा पैसा जेथें मोजावयाचा, तेथें बाजार बैलांचा असो वा यंत्रांचा, रीत तीच.