मासा आजारी की पाणी आजारी?



कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने खाऱ्या पाण्यातल्या पाळीव माशांच्या आजारांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते कारखान्याच्या दारात, वाचनालयात आणि घरातल्या चार फुटी काचेच्या टाकीसमोर. त्या टाकीतले सात मासे माझ्या चुकीने मेले. ती चूक सांगितली की आजचा निम्मा विषय सांगून होईल.

एका रविवारी मी बाजारातून एक सर्जन मासा आणला आणि सरळ टाकीत सोडला. पाचव्या दिवशी त्याच्या परांवर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराने दिलेले तांब्याचे औषध मी टाकीत ओतले. तिसऱ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले आणि मी निर्धास्त झालो. दहा दिवसांनी मात्र टाकीतल्या एकूण एक माशाच्या अंगावर ठिपके उठले. आठवड्याभरात सर्व मासे गेले. गोगलगाई आणि कोळंब्या तर औषध पडताच मेल्या होत्या.

असे का झाले? हा रोग क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या एकपेशीय परोपजीवीमुळे होतो. त्याचे शास्त्रीय नाव १९५१ साली पडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेही त्याच वर्षी. हा जीव माशाच्या कातडीखाली शिरून तीन ते सात दिवस खातो-पितो. पोट भरले की माशाला सोडून वाळूत, दगडावर जाऊन बसतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. कवचाच्या आत एकाचे शेकडो होतात आणि मग ते नवा मासा शोधत पाण्यात पोहू लागतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्यांना. कातडीखालच्याला आणि कवचातल्याला ते पोचत नाही.

म्हणजे माझ्या माशाचे ठिपके गेले ते रोग बरा झाला म्हणून नव्हे; रोग वाळूत जाऊन वाढत होता म्हणून. त्यात टाकीतल्या वाळूने आणि प्रवाळाच्या दगडांनी तांबे शोषून घेतले, त्यामुळे पाण्यात औषध पुरेसे उरलेच नाही. मालकाने नोटीस मागे घेतली एवढ्यावरून वाद मिटला असे आम्ही संघटनेत कधी समजत नाही. घरी मात्र मी नेमके तेच समजलो.

आता आजार ओळखावा कसा? त्यासाठी रोज खाणे टाकताना पाच मिनिटे शांत बसून पाहावे. कालपर्यंत पुढे धावणारा मासा आज कोपऱ्यात आहे काय? कल्ल्यांची उघडझाप भराभर होते काय? तो दगडावर अंग घासतो काय? पर मिटून घेतले आहेत काय? ठिपके पुष्कळदा नंतर दिसतात. वागणूक आधी बदलते.

यापैकी काही दिसले की औषधाच्या बाटलीकडे हात नेण्यापूर्वी पाणी तपासावे. कारखान्यात एकाच आठवड्यात दहा जणांना खोकला लागला तर आम्ही आधी तिथली हवा तपासा म्हणतो. इथेही तोच न्याय. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. उपयुक्त जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात, म्हणून तिथे मासे धापा टाकतात. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात अमोनिया अधिकच विषारी ठरतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावेत, पाण्याची विशिष्ट घनता १.०२५च्या आसपास आणि तापमान २५-२६ अंश असावे. हे बिघडले असेल तर पाणी बदलणे हाच पहिला उपचार होय.

पाणी ठीक असेल तर रोगाचा विचार करावा. सुटे, मोजता येण्याजोगे पांढरे ठिपके म्हणजे बहुधा वर सांगितलेला रोग. पिठासारखी बारीक, सोनेरी छटेची धूळ आणि जोराचा श्वास म्हणजे मखमली रोग, अर्थात अमायलूडिनियम. हा दोन-चार दिवसांत टाकी रिकामी करतो, तेव्हा इथे वाट पाहू नये. क्लाउन माशाच्या अंगावरून चिकट पांढरी साल सुटू लागली तर ब्रुकलिनेलाची शंका घ्यावी. त्यावर तांबे चालत नाही, फॉर्मेलिन लागते आणि ते जपून, जाणकाराच्या सल्ल्यानेच वापरावे. परांवर फुलकोबीसारखी गाठ दिसली तर ती बहुधा विषाणूची असते आणि पाणी व आहार चांगला ठेवला की पुष्कळदा आपोआप जाते.

उपचार मुख्य टाकीत कधीही करू नये. पन्नासएक लिटरची दुसरी टाकी ठेवावी. तीत वाळू नको, दगड नको. स्पंजची गाळणी, हवेचा पंप आणि लपायला प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडे पुरेत. साध्या तांब्याच्या औषधाचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे, तीन ते चार आठवडे, रोज मोजून. काही बाटल्यांतले तांबे वेगळ्या स्वरूपाचे असते. तिथे बाटलीवरचेच प्रमाण पाळावे.

पांढऱ्या ठिपक्यांवर दुसरा उपाय म्हणजे खारटपणा हळूहळू उतरवून घनता १.००९वर आणणे आणि चार आठवडे तिथेच ठेवणे. समुद्रातल्या माशाच्या अंगातले पाणी सतत बाहेर झिरपते आणि तो ते पिऊन भरून काढतो. कातडी फाटली की तो पाण्यात राहूनही सुकतो. खारटपणा कमी केल्याने त्याचा हा ताणही हलका होतो. मखमली रोगावर मात्र हा उपाय चालत नाही. मुख्य टाकी या काळात ७६ दिवस माशांवाचून ठेवावी; उशिरा फुटणारी कवचेही तोवर फुटून उपाशी मरतात. गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांवर मीठ टाकतात, पण तो जंतू निराळा. इथे तो उपाय व्यर्थ आहे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय शेवटी सांगतो. नवा मासा कितीही निरोगी दिसो, त्याला चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. २०२० सालापासून विलगीकरण हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मी ते चार आठवडे वाचवायला गेलो आणि सात जीव घालवले.

हे मासे बहुतेक समुद्रातून, प्रवाळांतून धरून आणलेले असतात. आपण त्यांना काचेत आणले. तिथून त्यांना दुसरीकडे जाता येत नाही आणि तक्रारअर्जही देता येत नाही. तेव्हा त्यांच्या वतीने रोज पाच मिनिटे पाहणे, एवढे तरी आपल्याकडे लागते. माझ्या टाकीत आज तीनच मासे आहेत. दोन वर्षे झाली, तिघेही खाण्याच्या वेळी पुढे येतात.