गोबरगॅसमध्ये जळकं तेल टाकावं का? टाका, पण मापाने



ढाब्यावरचं, वडापावच्या गाड्यावरचं जळकं तेल मिळतंय, ते गोबरगॅसमध्ये टाकलं तर गॅस वाढेल का, असं काही सभासद विचारतात. वाढतो. पण डबा एकदम ओतला तर शेगडी काही आठवडे बंद पडू शकते. म्हणून आधी हे वाचा.

*तेलात एवढं काय असतं?*
साधारण २५ किलो ताज्या शेणातून १ घनमीटर, म्हणजे १००० लिटर गॅस मिळतो. १ किलो तेल पूर्ण कुजलं तर हिशेबाने १४०० लिटर. म्हणजे किलोभर तेल जवळपास ३५ किलो शेणाच्या बरोबरीचं! शेणात ८० टक्के पाणीच असतं, आणि चाऱ्यातला बराचसा कस गाईने आधीच काढून घेतलेला असतो.

*मग नुसतं तेल का नाही?*
कुजवणारे जीवाणू, त्यांना लागणारं नत्र आणि आम्ल सोसायची ताकद, हे सगळं शेणात आहे. तेलात यातलं काहीच नाही. शहरात शेणाची जागा मैला घेतो. नाशिक महापालिकेचा २०१७ मध्ये सुरू झालेला प्रकल्प याच तत्त्वावर आहे. हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून गॅस आणि त्यावर वीज. क्षमता दिवसाला ३० टन. तिथेही दोन्ही मालाचा मेळ बसवावा लागतोच.

*बिघडतं कुठे?*
तेल फुटून आधी स्निग्ध आम्लं होतात. त्यांचा गॅस करणारे जीवाणू मात्र सावकाश काम करतात. तेल जास्त झालं की ही आम्लं जीवाणूंच्या अंगाला चिकटतात, त्यांना खाद्य घेता येत नाही, सामू घसरतो आणि गॅस थांबतो. शिवाय तेल वर तरंगून जाड साय धरते, खालचा गॅस अडकतो. थंडीत हा त्रास जास्त.

*माप (२ घनमीटरचा प्लांट, रोज ५० किलो शेण + ५० लिटर पाणी)*
✅ पहिले १५ दिवस रोज १०० ग्रॅमच.
✅ सगळं ठीक असेल तर हळूहळू २५० ग्रॅमपर्यंत. त्यापुढे नको.
✅ तेल गाळून, कोमट पाण्यात ढवळून, शेणकाल्यात नीट कालवून सोडा.
✅ थंडीत माप निम्मं करा.
❌ आठवड्याचं तेल साठवून एकदम ओतू नका.
❌ भांडी धुतलेलं साबणाचं पाणी टाकू नका, जीवाणू मरतात.

२५० ग्रॅमला जास्तीत जास्त ३५० लिटर गॅस वाढेल. ताशी ४५० लिटर जाळणारी शेगडी त्यावर पाऊण तास चालते. शेण कमी पडतं त्या दिवसात एवढा आधार पुष्कळ आहे.

*प्लांट बिघडतोय हे कसं ओळखाल?*
स्लरीला आंबट वास, आउटलेटला फेस, ज्योत टिकत नाही, सामू ६.५ च्या खाली (चांगला सामू ६.८ ते ७.५). असं दिसलं की तेल लगेच बंद. ३-४ दिवस शेणही टाकू नका. मग शेजारच्या चांगल्या चालू प्लांटची २-३ बादल्या ताजी स्लरी सोडा आणि निम्म्या शेणापासून पुन्हा सुरुवात करा.

⚠️ साय फोडायला किंवा गाळ काढायला टाकीत कुणीही उतरू नका. आत श्वास घ्यायला हवा नसते, क्षणात माणूस जातो. वाचवायला उतरणाराही जातो. साय बाहेरूनच, इनलेटमधून लांब बांबूने हलवा.

⚠️ प्लांटला संडास जोडला असेल तर स्लरी भाजीपाल्याला थेट देऊ नका. आधी कंपोस्ट करून पूर्ण कुजवा.

ढाबेवाल्याने १५ किलोचा डबा दिला तर एकच लक्षात ठेवा : तो डबा २ महिने पुरवायचा आहे.

तुमचा प्लांट किती घनमीटरचा आणि रोज शेण किती, हे याच नंबरवर लिहून पाठवा. तुमच्या प्लांटचं माप काढून देतो.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾