काजू बी : हंगाम, साठा आणि भाव

शेतमालावरील प्रक्रिया ज्या प्रदेशात माल पिकतो तेथेच झाली म्हणजे मूल्यवृद्धीचा लाभही त्या प्रदेशास मिळतो, असे सामान्यतः गृहीत धरण्यात येते. दक्षिण कोकण आणि घाटमाथ्यावरील चंदगड-आजरा या भागातील काजूचा व्यवसाय पाहिला असता हे गृहीत अपुरे ठरते. येथे बागा आहेत, कारखाने आहेत, बी वाफवून फोडणारा व गर सोलून निवडणारा कुशल कामगारवर्ग आहे, आणि त्यात बहुसंख्य स्त्रियाच आहेत. तरीही बागायतदार व कारखानदार यांचे हितसंबंध परस्परविरोधी राहतात.

याचे मूळ हंगामात आहे. बी फेब्रुवारी ते मे या काळात हाती येते. गराला मागणी मात्र वर्षभर असते व दिवाळीच्या सुमारास ती विशेष वाढते. शंभर किलो बियांपासून साधारणतः २५ ते ३० किलो गर मिळतो. कारखाना बारा महिने चालवावयाचा तर वर्षाच्या गराच्या तिप्पट-चौपट वजनाचे बी या तीन-चार महिन्यांतच खरेदी करून ठेवले पाहिजे. एवढे भांडवल लहान कारखानदाराजवळ नसते, आणि बागायतदारालाही पावसाळ्यापूर्वी पैशाची निकड असते. परिणामी दोहोंच्या मध्ये साठा धरणारा व्यापारी येतो, व हंगामातील आणि हंगामानंतरच्या भावांतील अंतर त्याच्या पदरात पडते. त्याला सरसकट दोष देणे न्याय्य नव्हे. जोखीमही तोच पत्करतो. नीट न वाळवलेले बी कोकणच्या पावसाळ्यात ठेवले तर गराचा रंग बिघडतो, आणि असा गर पांढऱ्या प्रतीच्या भावाने विकला जात नाही.

देशी उत्पादन भारतातील कारखान्यांना पुरत नसल्याने आफ्रिकेतून बी आणावे लागते. आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांचा हंगाम बराचसा कोकणच्या हंगामाबरोबरच येतो. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या बागेतील भावावर दूरच्या बंदरांतील भावाचे दडपण पडते. २०१८ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात कच्च्या काजूवरील आयात-कर ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणण्यात आला. अशा कपातीने कारखान्याची सोय होते, तिचा भार बागायतदाराकडे सरकतो. उलट बाजूने बेनिनने १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या बियांची निर्यातच बंद केली. परंतु निर्यातबंदीने साठ्यासाठी लागणारे भांडवल उत्पन्न होत नाही.

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून असून तीत काजू बीचाही समावेश आहे. मे महिन्यात बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या बियांवर सहा महिन्यांचे कर्ज मिळाल्यास विक्री दिवाळीपर्यंत लांबविता येते. मात्र गोदाम जवळ हवे, आणि वजनाबरोबर गराचा उताराही तेथेच तपासला गेला पाहिजे. वेंगुर्ला-४ सारख्या सुधारित जातीचे टपोरे बी व गावठी बी एकाच पोत्यात भरले गेले, तर खरेदीदार सगळ्याच पोत्याचा भाव हलक्या बियांप्रमाणे धरतो. ही निवड दोन-चार पोत्यांच्या धन्याला एकट्याने परवडणारी नाही; तिला सहकारी संस्थाच हवी.

बोंडाच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. बोंडाचे वजन बियांच्या पाच ते दहा पट भरते, पण झाडावरून पडल्यावर ते दिवसभरातच आंबू लागते. त्यासाठी रस काढण्याची सोय बागेलगतच लागते. गोव्यात ती भट्टीच्या रूपाने पूर्वापार आहे. बोंडापासून तेथे हुर्राक व फेणी होते, आणि फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सीमेच्या अलीकडे, सिंधुदुर्गात, बहुतेक बोंडे झाडाखालीच कुजतात.