किती फुटांवर, किती दिवस

उन्हाळ्यात औसा-तुळजापूर रस्त्यानं रात्री जाताना कुठल्या तरी शेतात दिव्यांच्या उजेडात पांढरा धुरळा उडताना दिसतो. बोअरची गाडी लागलेली असते. बांधावर सगळं घर जागं. पाणाड्याच्या तळहातावर नारळ जिथं उभा राहिला, ती जागा धरलेली. धन्याचा एक डोळा धुरळ्यावर, एक पाईप मोजणाऱ्यावर. मनात फुटाच्या भावाचा गुणाकार चाललेला. दोनशेवर ओल दिसते, चारशेवर पुन्हा कोरडी भुकटी, आणि सहाशेवर कुणीतरी म्हणतं, ‘एवढा पैसा गेलाच आहे, आणखी दोन पाईप टाका.’

जमिनीतला कोळसा आणि तेल किती वर्षं पुरणार, यावर दीडशेहून जास्त वर्षं वाद चालू आहे. त्यातला निम्मा वाद औशाच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

किल्लारीच्या पोटात

आपल्या पायाखाली तेल असेल का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच औसा तालुक्यातली किल्लारी हादरली. भूकंपाचं कारण शोधायला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं तिथं ६१७ मीटर खोल बोअर घेतला. काळा कातळ ३३८ मीटरवर संपला. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे थर, आणि लगेच पायाचा ग्रॅनाइटसारखा कठीण खडक.

तेलाच्या प्रश्नाचं उत्तर त्या ८ मीटरमध्ये आहे. समुद्रात मेलेले सूक्ष्म जीव गाळाखाली गाडले जातात. वर हजारो मीटर थर साचतात, खालची उष्णता त्यांना लाखो वर्षं मंद आचेवर शिजवते, तेव्हा कुठं तेल होतं. शिवाय ते साठायला सच्छिद्र खडक हवा, आणि वर निसटू न देणारं घट्ट झाकण. आपल्याकडं झाकण भक्कम आहे, पण भांड्यात काही नाही. कोयनेजवळ २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल बोअर घेतला, तिथंही सव्वा किलोमीटर कातळाखाली थेट जुना कठीण खडकच लागला.

गोदावरीच्या वाटेनं

नांदेडच्या घाटावरून वाहणारी गोदावरी मात्र आपल्याला इंधनाच्या दारात नेऊन सोडते. पुढं तेलंगणात शिरल्यावर सिंगरेणीचा कोळसा, वर्धेच्या खोऱ्यात चंद्रपूर-वणीचा. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली ही झाडं आज विजेच्या तारेतून आपल्या मोटारीपर्यंत येतात.

नदी समुद्राला मिळते तिथं, कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल पाण्यात, २००२ मध्ये वायूचा मोठा साठा सापडला. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं. २०१० मध्ये ते दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या घरात गेलं. मग विहिरींत पाणी आणि वाळू येऊ लागली, आणि पाचेक वर्षांत उत्पादन पाचव्या हिश्श्यावर आलं. साठ्याचा मूळ अंदाजही बराच खाली आणावा लागला. पहिल्या वर्षी तीन इंची पाणी फेकणारा बोअर दुसऱ्या उन्हाळ्यात गुळण्या टाकू लागतो, तसंच हे.

पश्चिमेला अरबी समुद्राची गोष्ट जास्त जिद्दीची. साठच्या दशकात सोव्हिएत जहाजानं पाण्यात स्फोट घडवून तळातून परतणाऱ्या लहरी टिपल्या आणि खालच्या खडकाचा फुगवटा हेरला. १९७३ च्या शेवटी अरब देशांनी तेल रोखलं, भाव काही महिन्यांत चौपट झाला. पुढच्याच फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या फिरत्या फलाटावरून मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. ऐंशीच्या दशकात ‘बॉम्बे हाय’ दिवसाला साडेचार लाख बॅरलच्या वर तेल देत होतं. २०२४ मध्ये ते दीड लाखाच्याही खाली होतं. मूळ साठ्यातला मोठा भाग अजून चुनखडकाच्या छिद्रांत अडकून आहे. तो पिळून काढण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक मदतीला घेतलं.

वर्षं वाढतात कशी?

१८६५ मध्ये जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानं इंग्लंडला कोळशाबद्दल सावध केलं. १९५६ मध्ये हबर्ट या भूवैज्ञानिकानं सांगितलं, अमेरिकेचं तेल १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल. १९७० मध्ये ते खरंच गाठलं. पण पुढं शेल खडक पाण्याच्या दाबानं फोडून तेल काढायची रीत आली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेनं ते शिखरही ओलांडलं.

१९८० मध्ये जगातलं ज्ञात तेल त्या वेळच्या वापरानं तीसेक वर्षं पुरेल असा हिशेब होता. चाळीस वर्षं बेसुमार जाळल्यावर, २०२० मध्ये, तोच हिशेब ५३ वर्षांवर गेला. यात जादू नाही. ‘साठा’ म्हणजे जमिनीत आहे ते सगळं नव्हे. आजच्या भावात आणि आजच्या यंत्रानं परवडेल तेवढंच. भाव चढला की कालचा तोट्याचा खडक आज साठ्यात मोजला जातो. उसाला दर असेल तर शेतकरी आठशे फूट जातो. दर पडला की चारशेवरच गाडी परत पाठवतो. पाणी दोन्ही वेळा तिथंच असतं.

म्हणून तेल एके दिवशी अचानक संपणार नाही. संपत जातं ते स्वस्त तेल. आपण वापरतो त्या तेलातलं शंभर लिटरमागं ऐंशीहून जास्त लिटर बाहेरून येतं. त्यामुळं ही झळ ट्रॅक्टरच्या टाकीत आधी लागते.

कोळशाचं तसं नाही. २०२४-२५ मध्ये देशानं १०० कोटी टनांहून जास्त काढला, आणि ज्ञात साठा शतकाहून अधिक पुरेल असा आहे. पण परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद पडलं, ते पाण्याअभावी. आणि दुसरी हद्द आभाळात आहे. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तापमानवाढ २ अंशांत रोखायची तर जगातला ८० टक्क्यांहून अधिक कोळसा, निम्मा वायू आणि तिसरा हिस्सा तेल २०५० पर्यंत जमिनीतच ठेवावं लागेल. म्हणजे कोळसा संपण्याआधीच तो जाळायची सोय संपते.

आता ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आलाय. डिझेल नको, बिल नको, सूर्य आटत नाही. फुकटच्या उन्हानं मात्र आटणारं पाणी दिवसभर उपसता येतं. इंधनाची चिंता मिटली की बोअरची चिंता वाढते.

पहाटे साडेसहाशेवर त्या शेतात इंचभर पाणी लागतं. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. घरातले म्हातारे बाबा गाडीवाल्याला विचारतात, ‘किती दिवस टिकंल?’ तो पाईप गाडीत लावत राहतो, बोलत नाही. त्याचा भाव फुटाचा असतो, दिवसांचा नाही.