सुगीच्या घाईतले अनारसे

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावण जळला की जिल्ह्यात दोन कामं एकदमच अंगावर येतात. खाकीबाबा मठाचा हा दसरा दीडशे वर्षांहून जुना. त्याची पाळणे-दुकानं अजून उठलेली नसतात तोवर शेतात सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि घरात दिवाळी तोंडावर. सोयाबीन थांबत नाही. शेंगा वाळून तडकल्या की दाणे रानातच सांडतात. त्यामुळे घरातली धडधाकट माणसं सकाळी भाकरी बांधून जातात ती दिवेलागणीलाच परततात. अशा दिवसांत चकलीचा सोऱ्या घेऊन तीन तास बसायला फुरसत कोणाला? करंज्यांना तर चार जणींचे हात लागतात. वसमतकडच्या कितीतरी घरांत आता शेव-चिवडा गल्लीतल्या बचत गटाकडून येतो, आणि त्यात कमीपणा वाटावा असं काही नाही.

अनारसे मात्र घरीच होतात. शहरात अनारशांचं नाव काढलं की बायका ‘फार वेळखाऊ’ म्हणून मोकळ्या होतात. मला ते अर्धवटच खरं वाटतं. अनारशाला दिवस पुष्कळ लागतात, पण बाईचा वेळ कमी लागतो. जे व्हायचं ते बहुतेक डब्यात, पातेल्यात, झाकणाखाली आपापलं होत असतं. सुगीत सापडलेल्या बाईला परवडेल असा हा एकच फराळ आहे, हे मला माझ्या आत्याच्या घरी बसून पाहिल्यावर कळलं.

आत्याचं गाव वसमत तालुक्यात. घरामागे हळद उभी, कमरेच्या वर गेलेली. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ती वसमतची हळद; निघेल फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोवर तिच्याकडून पैशाची आशा नाही. दिवाळी होते ती सोयाबीनवर. २०२५च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ५३२८ रुपये, आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली जात होता. त्यात सप्टेंबरच्या पावसानं मराठवाडाभर रानं खरवडून नेलेली. अशा वर्षी काजू-बदाम कोण आणतो? तांदूळ आणि गूळ तेवढा घरात असतो.

हा मुलूख ज्वारीचा. तांदूळ इथे पिकवून खायचा नाही, आणून खायचा. अनारशाला जाडा आणि जुना तांदूळ लागतो, नव्याला चिकटपणा फार. आत्यानं कंट्रोलचाच तांदूळ घेतला होता. रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले कारखान्यात बनवलेले दाणे शंभराला एक या हिशेबानं मिसळले जाऊ लागले. पाणी ओतल्याबरोबर त्यांतले काही वर तरंगले. “प्लास्टिकचे हायत,” आत्या म्हणाली आणि वेचून टाकू लागली. तिची सून म्हणाली, “आत्याबाई, तांदळाच्याच पिठाचे असतेत ते, औषध घातलेले.” आत्यानं ऐकलं, मान हलवली, आणि वेचायचं काही थांबवलं नाही.

रात्री भिजत घातलेल्या तांदळाचं पाणी दुसऱ्या दिवशी रानात जाताना बदललं, तिसऱ्या दिवशीही तसंच. काम दोन मिनिटांचं. पण पाणी बदलायला विसरलं तर वास धरतो आणि सगळं उकिरड्यावर जातं. तिसऱ्या दिवशी पाण्याला किंचित आंबूस वास येतो, तो हवाच असतो. आत्यानं एक दाणा दोन नखांत धरून दाबला, तो पिठासारखा भुगा झाला. मग उपसून, निथळून, जुन्या धोतरावर घरातच पंख्याखाली पसरला. उन्हात टाकायचा नाही. हाताला गार, ओलसर लागला पाहिजे. एवढ्या एका गोष्टीसाठी ती तीनदा उठून आली, एरवी तिला कशाची घाई नव्हती. खडखडीत वाळला तर गूळ विरघळायला ओल राहत नाही आणि फार ओला राहिला तर पीठ सैल होतं.

मिक्सरवर दळून ते मैद्याच्या चाळणीनं चाळलं. गूळ विळीवर बारीक चिरलेला, वजनानं पिठाच्या किंचित कमी. चिकीचा गूळ चालत नाही, अनारसा दगड होतो. पीठ-गूळ एकत्र करताना पाण्याचा थेंब नाही. चमचाभर तूप आणि तळहाताची टाच. सुरुवातीला परातीत नुसता भुसभुशीत ढीग दिसतो आणि वाटतं, हे कधी मिळून येणार? रगडता रगडता पिठातली ओल गुळाला सुटते आणि गोळा होतो. चाळलेल्यातलं मूठभर कोरडं पीठ आत्यानं आधीच बाजूला काढून पुडीत बांधलं होतं. गोळा स्टीलच्या डब्यात दाबून फळीवर गेला.

पुढचे चार-सहा दिवस घरात त्या डब्याचा विषय नव्हता. मळणीयंत्र आलं, पोती भरली, भावावरून घरात बोलाचाली झाली. डबा उघडला तेव्हा पीठ तपकिरी, तुकतुकीत आणि पहिल्यापेक्षा मऊ झालं होतं.

तळणीची रात्र ठरली ती सोयाबीन घरात आल्यावर. जेवणं आटोपली, कढई लहान घेतली, कारण तूप महाग. एका वेळी एकच अनारसा. वहिनी, म्हणजे आत्याची सून, थापायला, आत्या तळायला. खसखस मात्र वाटीत मोजून काढलेली. मंदसौर-नीमचकडच्या परवान्याच्या अफूच्या शेतांतून येणारा हा दाणा इतका महाग, की काही घरांत त्याऐवजी बारीक रवा लावतात. वहिनीनं सुपारीएवढी गोळी घेतली, खसखशीवर ठेवली आणि बोटांच्या टोकांनी थापत पुरीएवढी केली. मग उचलून, खसखशीची बाजू वर ठेवून, तुपात सोडली.

पहिला अनारसा सुटला तो पसरतच गेला. कडा फाटल्या, मधे भोकं मोठी होत गेली, आणि कढईभर चुरा.

“हसला मेला,” आत्या म्हणाली. “काय बघायलीस? ती पुडी दे इकडं.”

बाजूला ठेवलेलं कोरडं पीठ त्यासाठीच होतं. त्यातली चिमूट-चिमूट गोळ्यात मळली. झाऱ्यानं गोळा केलेला चुरा नातवंडांनी गरम गरमच संपवला. तोच त्यांना जास्त आवडतो, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दुसरा नीट उतरला. अनारसा उलटायचा नाही, उलटला की खसखस तुपात जळते. आत्या झाऱ्यानं कडेचं तूप त्याच्या डोक्यावर उडवत राहिली. तुपात गूळ उकळू लागला, वाफ वाट काढत वर आली, आणि पाहता पाहता सगळीकडे बारीक जाळी पडली. आच मोठी असेल तर वरून काळा आणि आत कच्चा. मंद असेल तर तुपात विरघळतो. आत्या जाळ कमीजास्त करत होती ते कढईत न बघता, चरचर ऐकून. बाहेर काढलेला अनारसा चाळणीत उभा ठेवायचा, म्हणजे तूप निथळतं. गरम असताना तो लुळा असतो, गार झाल्यावर कुरकुरीत होतो. जावयाला अधिक महिन्यात तेहतीस अनारसे द्यायची रीत ज्यानं कोणी पाडली, त्यानं ते स्वतः तळले नसावेत.

सगळं पीठ त्या रात्री तळलं नाही. गोळा महिनाभर सहज टिकतो, म्हणून अर्धा पुण्याला नोकरीत असलेल्या लेकीसाठी ठेवला होता. तळलेले अनारसे प्रवासात मोडतात, गोळा मोडत नाही. तो केळीच्या पानात गुंडाळून डब्यात गेला (अर्धापूर-वसमत पट्ट्यात केळीच्या पानांना तोटा नाही) आणि डबा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला. दोन दिवसांनी संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. गॅसवर कढई, समोर ओट्यावर मोबाइल टेकवलेला.

“आई, कडक झालंय गं पीठ, थापताना चिरा पडायल्यात.”

“पिकलेलं केळं आहे का घरात? दोन चकत्या कुस्करून घाल. दूध नको, केळंच घाल. अन् गॅस बारीक कर, मला इथून दिसायलाय.”