उजेड पडला की बॅक्टेरिया खलास! पेणच्या खारेपाटाला हे तंत्रज्ञान कामाचं आहे का?

डोलवी म्हटलं की मुंबई-गोवा महामार्गावरचा पोलाद कारखाना आठवतो. पण धरमतर खाडीच्या काठाने पेणचा खारेपाटही पसरलाय. तालुक्यात हेटवणे धरण असूनही इथल्या अनेक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. पिंपात साठवलेलं पाणी दूषित झालं की जुलाब, टायफॉईड ठरलेलेच. ऊन मात्र इथे भरपूर! मग उजेडानेच जंतू मारता आले तर?

हे शक्य आहे, आणि त्यामागे आहे टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असते तीच पांढरी पावडर.

नेमकं काय होतं?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा १०० कोटीवा भाग. ई. कोलाय हा बॅक्टेरिया साधारण २,००० नॅनोमीटर लांब असतो आणि हे कण त्याच्याहून कितीतरी लहान. त्यांच्यावर अतिनील किरण पडले की आतले इलेक्ट्रॉन उसळतात. मग आजूबाजूचं पाणी आणि ऑक्सिजन यांच्यापासून अतिशय आक्रमक रेणू तयार होतात. ते बॅक्टेरियाचं बाहेरचं आवरण फाडतात, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि जंतू मरतो.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी याच पदार्थाच्या मदतीने उजेडात पाण्याचं विघटन करून दाखवलं. १९८५ मध्ये मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम लावलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडने जंतू मारले.

याची एवढी चर्चा का?

कारण अँटिबायोटिक्स निकामी होत चालली आहेत. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियामुळे जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. अँटिबायोटिक बहुतेक वेळा जंतूच्या एखाद्याच भागावर नेम धरतं. हे रेणू एकाच वेळी सगळीकडे हल्ला करतात, त्यामुळे जंतूला पळवाट शोधणं अवघड जातं.

मग अडतं कुठे?

उन्हात अतिनील किरण जेमतेम ४-५ टक्के असतात. म्हणून साध्या उजेडातही काम करतील असे पदार्थ बनवण्यासाठी संशोधक त्यात नायट्रोजन, चांदी मिसळून बघतात. पाणी गढूळ असेल तर उजेड आत पोहोचत नाही. शिवाय वापरलेले कण पाण्यातून परत काढावे लागतात.

खारेपाटासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, या पद्धतीने जंतू मरतात, पण पाण्यातला खारटपणा जात नाही. उलट मिठातलं क्लोराइड ही प्रक्रिया मंदावतं.

आज घरी काय करता येईल?

पाणी उकळणं किंवा क्लोरीन वापरणं हेच खात्रीचं. तेही जमत नसेल, तर नितळ पाणी दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक पेट बाटलीत भरून कडक उन्हात ६ तास आडवं ठेवा. आभाळ भरलेलं असेल तर सलग २ दिवस. यात नॅनो काहीच नाही, पण जंतू मारायला ऊनच कामी येतं.

खारेपाटाला गोडं पाणी मात्र पाइपलाइननेच मिळेल.