जोडीदाराचा स्थलांतरित व्हिसा (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नागरिक किंवा तेथील कायम रहिवासी आपल्या परदेशी पतीसाठी अथवा पत्नीसाठी जो कायम वास्तव्याचा व्हिसा मागतो, त्यास जोडीदाराचा स्थलांतरित व्हिसा म्हणतात. १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यात या व्हिसाची तरतूद आहे. मागणी करणाऱ्यास याचिकाकर्ता आणि ज्याच्यासाठी मागणी केली जाते त्यास लाभार्थी असे संबोधले जाते. याचिकाकर्ता स्वतःच परदेशात राहत असल्यास, आपले घर अमेरिकेत आहे किंवा लवकरच असणार आहे, हेही त्याला परदेशातूनच सिद्ध करावे लागते. त्यामुळे अशा प्रकरणांत कागदपत्रांची जुळवाजुळव अधिक गुंतागुंतीची होते.

प्रकार

अमेरिकी नागरिकाचा जोडीदार 'निकटचा नातेवाईक' या वर्गात मोडतो. या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली असल्यास 'आयआर-१' आणि झालेली नसल्यास 'सीआर-१' हा प्रकार लागू होतो. सीआर-१ व्हिसावर प्रवेश करणाऱ्यास दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य मिळते. ही मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत 'आय-७५१' हा अर्ज करून अट काढून घ्यावी लागते. सशर्त वास्तव्याची ही पद्धत बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ च्या दुरुस्तीने सुरू झाली.

कायम रहिवाशाचा, म्हणजेच ग्रीन कार्डधारकाचा, जोडीदार 'एफ-२ए' या वर्गात येतो. या वर्गाला संख्येची मर्यादा असल्याने त्यात प्रतीक्षा करावी लागू शकते. शिवाय ग्रीन कार्डधारक दीर्घकाळ परदेशात राहिल्यास त्याचे स्वतःचे वास्तव्यच सोडून दिलेले मानले जाण्याचा धोका असतो. म्हणून परदेशातून प्रायोजन करणारे बहुतेक अमेरिकी नागरिक असतात.

नागरिकाच्या जोडीदाराच्या व्हिसात मुलांचा आपोआप समावेश होत नाही. जोडीदाराच्या आधीच्या विवाहातील मुलासाठी स्वतंत्र याचिका दाखल करावी लागते आणि सावत्र नाते ग्राह्य धरले जाण्यासाठी ते मूल १८ वर्षांचे होण्यापूर्वी विवाह झालेला असावा लागतो. ही गोष्ट वेळीच लक्षात न आल्यास पालकाचा व्हिसा मंजूर होतो आणि मूल मागे राहते.

प्रक्रियेचे टप्पे

पहिला टप्पा 'आय-१३०' या याचिकेचा असतो. ती अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे दाखल केली जाते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार तिचे शुल्क ऑनलाइन अर्जासाठी ६२५ डॉलर व कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून नेहमीच्या स्वरूपाच्या याचिकांचा निर्णय अमेरिकेतील कार्यालयांतच होतो. परदेशातील दूतावासात याचिका स्वीकारली जाणे हा अपवाद झाला असून, त्यासाठी तातडीचे व असाधारण कारण लागते.

याचिका मंजूर झाल्यावर प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातील पोर्ट्समथ येथील नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तेथे व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर व आर्थिक प्रतिज्ञापत्राच्या छाननीचे १२० डॉलर भरावे लागतात, 'डीएस-२६०' हा ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि सर्व कागदपत्रांच्या स्कॅन प्रती संकेतस्थळावर चढवाव्या लागतात. कागदपत्रे पूर्ण ठरल्यानंतरच मुलाखतीची तारीख दिली जाते. सूचना मिळूनही वर्षभर काहीच हालचाल न केल्यास प्रकरण बंद होऊ शकते. भारतातील बहुतांश स्थलांतरित व्हिसांचे काम मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात असलेल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात चालते.

विवाहाचा पुरावा

याचिकेसोबत याचिकाकर्त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, दोघांची छायाचित्रे आणि लाभार्थीने भरलेला 'आय-१३०ए' हा पुरवणी अर्ज जोडावा लागतो. दोघांपैकी कोणाचाही आधी विवाह झालेला असल्यास तो संपल्याचा पुरावा आवश्यक असतो. त्यासाठी न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला दिला जातो.

विवाह जेथे झाला तेथील कायद्यानुसार तो वैध असावा, हे मुख्य तत्त्व आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विंडसर खटल्यात दिलेल्या निकालानंतर समलिंगी विवाहांनाही हेच तत्त्व लागू झाले. विवाहविधीच्या वेळी वर किंवा वधू प्रत्यक्ष उपस्थित नसेल, तर त्यानंतर वैवाहिक सहवास झाल्याशिवाय असा विवाह स्थलांतरासाठी ग्राह्य धरला जात नाही.

लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती किंवा पुरोहिताचे पत्र हे पूरक पुरावे असून ते नोंदणी प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाहीत. महाराष्ट्रात विवाहाची नोंदणी १९९८ च्या राज्य कायद्यानुसार, तर नोंदणी पद्धतीचा विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार होतो. विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांच्या नोटिशीची तरतूद असल्याने थोड्या दिवसांच्या रजेवर आलेल्या जोडप्यांना तारखांचे नियोजन आधीच करावे लागते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यामुळे विवाहाची नागरी नोंदणी बंधनकारक आहे.

विवाह वैध असण्याबरोबरच तो खरा, म्हणजे केवळ व्हिसासाठी केलेला नाही, हेही दाखवावे लागते. संयुक्त बँक खाते, दोघांच्या नावे असलेला भाडेकरार, विम्यातील वारसनोंद, अपत्यांचे जन्मदाखले, एकत्र प्रवासाची तिकिटे, वेगवेगळ्या काळातील छायाचित्रे, परस्परांतील पत्रव्यवहार आणि परिचितांची शपथपत्रे असे पुरावे दिले जातात. परदेशात एकाच घरात राहणाऱ्या जोडप्याकडे असे पुरावे सहसा भरपूर असतात. विवाहानंतर लगेच दूर राहावे लागलेल्या जोडप्याला भेटीगाठी व नियमित संपर्काच्या नोंदींवर भर द्यावा लागतो.

लाभार्थीची कागदपत्रे

लाभार्थीकडून वैध पारपत्र, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पोलीस प्रमाणपत्र आणि छायाचित्रे मागितली जातात. सैन्यात सेवा झाली असल्यास तिच्या नोंदी आणि कधी शिक्षा झाली असल्यास न्यायालयीन कागदपत्रेही द्यावी लागतात.

भारतात जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा बहुतांश राज्यांत १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांची जन्मनोंद आढळत नाही. अशा वेळी स्थानिक निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घेऊन त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला व वडीलधाऱ्या नातेवाइकांची शपथपत्रे जोडली जातात. काही जुन्या दाखल्यांत बाळाचे नावच नसते. अधिनियमाच्या कलम १४ नुसार, राज्याच्या नियमांतील मुदतीच्या अधीन राहून, असे नाव नंतर नोंदवता येते.

पोलीस प्रमाणपत्र १६ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या अर्जदारांना लागते. सध्या राहत असलेल्या देशात सहा महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य झालेले असल्यास त्या देशाचे, तसेच १६ व्या वर्षानंतर पूर्वी ज्या देशात वर्षभर वा अधिक वास्तव्य झाले त्या देशाचेही प्रमाणपत्र मिळवावे लागते. भारतात ते पारपत्र कार्यालयामार्फत दिले जाते. नोकरीनिमित्त आखाती देशांत किंवा सिंगापुरात राहून परतलेल्या व्यक्तीला तेथील प्रमाणपत्र भारतातून मागवावे लागते, म्हणून हे काम आधी हाती घेणे सोयीचे ठरते. अमेरिकेतील वास्तव्यासाठी अमेरिकी पोलिसांचे प्रमाणपत्र लागत नाही.

याचिकेला जोडलेल्या मराठी दाखल्यांसोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि ते पूर्ण व अचूक असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन द्यावे लागते.

नावांतील तफावत

महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या नामपद्धतीमुळे एक वेगळी अडचण उद्भवते. मुलीच्या नावात मधले नाव वडिलांचे असते. विवाहानंतर अनेकदा मधले नाव पतीचे होते आणि आडनावही बदलते. काही कुटुंबांत सासरी पहिले नावही बदलले जाते. त्यामुळे जन्मदाखला, शाळेचा दाखला व पारपत्र यांवर एकाच व्यक्तीची दोन-तीन नावे दिसतात. या नावांना जोडणारा मुख्य दुवा विवाह प्रमाणपत्र असते. पहिले नाव बदललेले असल्यास राजपत्रातील नावबदलाची अधिसूचनाही जोडली जाते. डीएस-२६० मध्ये यापूर्वी वापरलेली सर्व नावे नमूद करावी लागतात. एखादे नाव गाळल्यास पुढे खुलासा करण्याची वेळ येते.

आर्थिक आधाराचे प्रतिज्ञापत्र

'आय-८६४' हे प्रतिज्ञापत्र १९९६ च्या कायद्याने कायदेशीररीत्या बंधनकारक केले. प्रायोजकाचे उत्पन्न त्याच्या कुटुंबाच्या आकारमानानुसार ठरणाऱ्या संघीय दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. सैन्यात सक्रिय सेवेत असलेला प्रायोजक जोडीदारासाठी अर्ज करत असल्यास १०० टक्के पुरेसे असतात. २०२५ च्या दरांनुसार अलास्का व हवाई वगळता इतर राज्यांत दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होती.

परदेशातील पगार हा येथे कळीचा प्रश्न ठरतो. अमेरिकेत परतल्यावर जी नोकरी सुटणार आहे तिचे उत्पन्न, ते कितीही मोठे असले तरी, धरले जात नाही. त्याच स्रोताकडून पुढेही चालू राहणारे उत्पन्नच ग्राह्य असते. उत्पन्न कमी पडल्यास मालमत्तेचा आधार घेता येतो. नागरिकाच्या जोडीदारासाठी निव्वळ मालमत्ता तुटीच्या तिप्पट असावी लागते. उदाहरणार्थ, ६,००० डॉलरची तूट भरून काढण्यासाठी १८,००० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागते. ती वर्षभरात रोख रकमेत रूपांतरित होण्याजोगी असावी. भारतातील सदनिका दाखवल्यास मूल्यांकन, मालकी व कर्जाचा बोजा यांच्या कागदांसह तिच्या विक्रीची रक्कम देशाबाहेर नेता येते, हेही दाखवावे लागते.

अमेरिकी नागरिकाच्या जगभरातील उत्पन्नावर अमेरिकेचा कर कायदा लागू असतो. परदेशी उत्पन्नाला सूट मिळून प्रत्यक्ष कर शून्य येत असला, तरी उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास विवरणपत्र भरावेच लागते. प्रतिज्ञापत्रासोबत अलीकडच्या वर्षाच्या विवरणाची प्रत मागितली जाते. त्यामुळे अनेक वर्षे विवरण न भरलेल्यांना आधी ती थकबाकी पूर्ण करावी लागते.

या प्रतिज्ञापत्राची जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही. लाभार्थी नागरिक होईपर्यंत, त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, त्याने कायम वास्तव्य सोडून देश सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी कोणाचा मृत्यू होईपर्यंत ती टिकते.

अधिवास

महाराष्ट्रात 'डोमिसाइल' हा शब्द शाळा-महाविद्यालयांतील प्रवेशामुळे परिचित आहे. अमेरिकी प्रायोजनात मात्र प्रायोजकाचे मुख्य निवासस्थान अमेरिकेत आहे काय, एवढाच त्याचा अर्थ असतो. अमेरिकी शासन, अमेरिकी कंपनी अथवा मान्यताप्राप्त संशोधन संस्थेसाठी तात्पुरते परदेशी गेलेल्यांचा अधिवास कायम मानला जाऊ शकतो. इतरांना लाभार्थीच्या प्रवेशाच्या दिवसापर्यंत अधिवास पुन्हा स्थापन करण्याचा हेतू कृतीतून दाखवावा लागतो. त्यासाठी अमेरिकेतील बँक खाते, मतदार नोंदणी, नोकरीचा देकार वा शोधाचा पत्रव्यवहार, भाडेकरार, मुलांचा शाळाप्रवेश आणि सामान हलवण्याचे करार उपयोगी पडतात.

अमेरिकेत राहणारा आप्त किंवा मित्र सहप्रायोजक होऊ शकतो. तो नागरिक अथवा कायम रहिवासी आणि किमान १८ वर्षांचा असावा लागतो. मात्र सहप्रायोजक केवळ उत्पन्नाची उणीव भरून काढतो. याचिकाकर्त्याचा अधिवास सिद्ध होत नसेल, तर कितीही सधन सहप्रायोजक मिळाला तरी प्रकरण पुढे सरकत नाही. तसेच जोडीदाराला आधी पाठवून स्वतः सवडीने मागाहून जाणे या प्रकरणांत चालत नाही. दोघांनी एकत्र जावे किंवा याचिकाकर्त्याने आधी पोहोचावे लागते.

मुलाखत व त्यानंतर

मुलाखतीपूर्वी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी व लसीकरण पूर्ण करावे लागते. मुलाखतीस मूळ कागदपत्रे न्यावी लागतात. एखादा कागद कमी असल्यास कायद्याच्या कलम २२१(जी) अन्वये व्हिसा नाकारला जातो. हा नकार बहुधा तात्पुरता असतो आणि मागितलेला कागद दिल्यावर प्रकरण पुन्हा विचारात घेतले जाते.

स्थलांतरित व्हिसाची मुदत साधारणतः कमाल सहा महिने असते आणि वैद्यकीय अहवालाच्या मुदतीमुळे ती आणखी कमी होऊ शकते. या मुदतीत अमेरिकेत प्रवेश करावा लागतो. प्रवेशाचा शिक्का असलेला व्हिसा एक वर्षापर्यंत कायम वास्तव्याचा पुरावा म्हणून चालतो. स्वतंत्र शुल्क भरल्यानंतर ग्रीन कार्ड टपालाने अमेरिकेतील पत्त्यावर पाठवले जाते.